चित्राखाली काय लिहायचं? हवानातले आठ दिवस

१३ एप्रिल २०१९, शनिवार

होसे मार्ती विमानतळावर उतरले तेव्हा माझ्या हातात एक रिकामी नळी होती. पुण्यात प्लंबिंगच्या दुकानातून कापून घेतलेला पीव्हीसी पाइप, पाऊण मीटर लांब, दोन्ही टोकांना बुचं. मुंबईला एकदा आणि पॅरिसला एकदा ती उघडून दाखवावी लागली. आत काहीच नाही म्हटल्यावर दोन्हीकडे एकच प्रश्न आला, मग नेता कशाला? भरून आणायला, असं खरं तेच सांगितलं.

आम्ही तिघं मुद्राचित्रकार मिळून पुण्यात एका मित्राच्या स्टुडिओत क्यूबातल्या मुद्राचित्रांचं, म्हणजे प्लेटवरून किंवा दगडावरून कागदावर छापलेल्या चित्रांचं, छोटं प्रदर्शन करणार आहोत. बारा चित्रं. ती निवडायची, विकत घ्यायची आणि रीतसर कागदपत्रं करून आणायची, हे काम माझ्याकडे आलं.

क्यूबाच का, याचं कारण दोन वर्षांपूर्वीचं. २०१७ च्या उन्हाळ्यात बहिणीकडे न्यू जर्सीला गेले होते. एका दुपारी न्यूयॉर्कच्या एल म्युझेओ देल बारिओ या संग्रहालयात बेल्किस आयोन या क्यूबन मुद्राचित्रकर्तीचं प्रदर्शन पाहायला एकटीच गेले. काळा, पांढरा आणि मधले कितीतरी करडे. माणसाच्या उंचीच्या आकृत्या, त्यांना डोळे आहेत, तोंड नाही. कुणाच्या अंगावर माशाचे खवले, कुणाच्या हातात बकरा. जवळ गेले तेव्हा लक्षात आलं की हे दगडावरून उतरलेलं नाही, तांब्यावरून नाही, जस्तावरूनही नाही. हा पुठ्ठा आहे. पुठ्ठा कापून, चिकटवून, त्यावर खरखरीत-गुळगुळीत थर देऊन केलेली प्लेट, म्हणजे कोलोग्राफ. मी जे. जे. मध्ये शिकताना जस्ताच्या प्लेटा आम्लात बुडवत वर्षं काढली, पण पुठ्ठ्यातून इतका खोल काळा निघतो हे तोवर पाहिलंच नव्हतं. आयोन १९६७ ची, १९९९ मध्ये वयाच्या ३२ व्या वर्षी तिने स्वतःचं आयुष्य संपवलं. त्या दालनातून बाहेर पडताना मी मनाशी म्हटलं होतं, हे जिथे घडलं ती जागा पाहायची.

मुक्काम सेंत्रो हवानात एका घरगुती खोलीत. अशा घरांच्या दारावर निळी खूण असते, तिच्यावरून ती ओळखायची. घरमालकीण साठीच्या आहेत. मी त्यांना सेन्योरा म्हणते, त्या मला ‘मुली’ म्हणतात. आल्याआल्या त्यांनी दोन चलनांचा हिशेब समजावला. परदेशी माणसाच्या हातात येतो तो सीयूसी, डॉलरच्या बरोबरीचा. लोकांचा पगार होतो तो साध्या पेसोत, आणि असे २४-२५ पेसो म्हणजे एक सीयूसी. अमेरिकी बँकेशी संबंध असलेलं कार्ड इथे चालत नाही, म्हणून युरो रोख आणले आहेत. कमरेच्या पट्ट्यातून काढून ते मोजताना त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.

१४ एप्रिल, रविवार

बिएनाल, म्हणजे दर काही वर्षांनी भरणारं हवानाचं मोठं कलाप्रदर्शन, परवाच सुरू झालं आहे. हे तेरावं. खरं तर ते गेल्या वर्षी व्हायचं, पण २०१७ च्या सप्टेंबरात इर्मा वादळाने बेट झोडपलं आणि तारीख पुढे गेली. मालेकोनवर, म्हणजे समुद्राकाठच्या भिंतीच्या रस्त्यावर, मोठमोठी शिल्पं आणि मांडण्या आहेत. पोरं त्यांवर चढतात, कुणी हटकत नाही. दुपारभर चालले.

एक गोष्ट लिहून ठेवायलाच हवी. गेल्या वर्षी इथल्या सरकारने ३४९ क्रमांकाचा हुकूम काढला. कलाकाराने काय आणि कुठे दाखवावं यावर अधिकाऱ्यांना मोठा अधिकार देणारा. त्याविरुद्ध बोलणाऱ्या कलाकारांना अटका झाल्या. काहीजण या बिएनालपासून मुद्दाम लांब आहेत. इथलं चित्र पुण्याला नेणार, तर ज्यांची चित्रं या उत्सवात दिसत नाहीत त्यांचीही आठवण मनात ठेवली पाहिजे, असं आज भिंतीवर बसून ठरवलं.

१५ एप्रिल, सोमवार

आज कार्यशाळा. कॅथेड्रलच्या चौकाच्या एका कोपऱ्यातून कायेहोन देल चोरो ही बोळ निघते. अरुंद, पुढे बंद. तिच्या टोकाशी तायेर एक्सपेरिमेंताल दे ग्राफिका, म्हणजे मुद्राचित्रांची प्रायोगिक कार्यशाळा. दार उघडंच होतं. आत शिरण्याआधी वास आला, जवसाचं तेल, टर्पेंटाइन, शाई आणि ओल्या कागदाचा. जे. जे.चा तळमजला आठवून मी दोन क्षण उंबऱ्यातच थांबले.

लांबलचक दालन. मधोमध हाताने फिरवायचे प्रेस, मोठी चाकं, आऱ्या हातांनी घासून चकचकीत झालेल्या. आणि भिंतीला लागून दगड, शिळाछापाचे. पुस्तकं ठेवावीत तसे उभे, फळ्यांवर ओळीने. काहींच्या कडेला अजून जुनी चित्रं दिसतात: सोनेरी कडांच्या चौकटी, पदकं, तंबाखूची पानं, मुकुट घातलेल्या स्त्रिया, आणि अक्षरं सगळी उलटी.

या दगडांची कहाणी अशी. एकोणिसाव्या शतकात हवानाची सिगार जगभर जायला लागली तशी तिच्या लाकडी पेटीवरची लेबलं, सिगारला गुंडाळायची कागदी अंगठी, हे सगळं शिळाप्रेसवर छापलं जाऊ लागलं. नक्कल होऊ नये म्हणून जितकी नक्षी गुंतागुंतीची तितकं बरं, त्यामुळे इथले कारागीर फार तयारीचे झाले. पुढे ऑफसेट आलं आणि दगड अडगळ झाले. १९५९ च्या कास्त्रोंच्या क्रांतीनंतर, १९६२ मध्ये, भित्तिचित्रकार ओर्लांदो सुआरेस आणि त्यांच्या सोबत्यांनी ते वाचवून ही कार्यशाळा उभी केली. त्या वेळचे उद्योगमंत्री चे गेवारा यांनी पाठबळ दिलं, असं इथे अभिमानाने सांगतात.

मला मात्र मळवली आठवत होती. लिथोचा, म्हणजे शिळाछापाचा, उत्तम दगड जगभर गेला तो मुख्यतः बव्हेरियातल्या सोल्नहोफेनच्या खाणींतून. राजा रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत प्रेस काढला तोही जर्मन यंत्रं आणि जर्मन तंत्रज्ञांच्या जोरावर, आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी आणि या बोळातली सिगारची मुकुटवाली बाई, दोघी शिळेवरूनच उतरलेल्या. एकीचं बोट धरून देव घराघरांत गेले, दुसरीचं धरून तंबाखू युरोपात गेली. कारागिराचा हात मात्र सारखाच चालला असेल.

कामाची पद्धतही तीच. एक म्हातारे मुद्रक दगड घोटत होते: वर वाळू, पाणी, आणि लोखंडी चकती गोल गोल फिरवत. जुनं चित्र पूर्ण जाईपर्यंत. मग तेलकट खडूने रेखाटन, वर डिंकाचं पाणी आणि आम्लाचे थोडे थेंब, मग ओला स्पंज, मग शाईचा रोलर. पाण्याने भिजलेला दगड शाई नाकारतो, खडूची रेघ ती घेते. मी मदत करू का विचारलं. त्यांनी माझे हात पाहिले, नखांच्या कडेची न जाणारी काळी रेघ पाहिली, आणि स्पंज माझ्याकडे दिला. दुपारपर्यंत मी दगड भिजवत होते. भाषा लागली नाही. दगड सुकायला लागला की ते जिभेने ‘टक्’ करत, तेवढं पुरे.

१६ एप्रिल, मंगळवार

आज जिच्याशी ओळख झाली ती माझ्याच वयाची, चाळिशीतली. कार्यशाळेत मागच्या टेबलावर काम करते. तिचं नाव इथे लिहीत नाही, तिने तशी परवानगी दिलेली नाही आणि मी मागितलीही नाही. तिला कामापुरतं इंग्रजी येतं, मला कामापुरतं स्पॅनिश. शाई पुसताना मात्र दोघी भरपूर बोललो.

तिचं काम पुठ्ठ्यावरच. मी उत्साहाने आयोनचं नाव काढलं तशी ती थांबली. “बाहेरून येणारा प्रत्येक माणूस मला आधी बेल्किसबद्दल विचारतो,” ती म्हणाली. “मी तिला फार मानते. पण मी ती नाही. माझी प्लेट आधी बघ.” तिचं बरोबर होतं. मी माफी मागितली आणि प्लेट पाहिली.

खोक्याचा पुठ्ठा, त्याचा वरचा कागद ठिकठिकाणी सोलून आतल्या पन्हाळी उघड्या केलेल्या. पॉलिश पेपरचे तुकडे. गोंदात घट्ट बसवलेली बारीक रेती. एका कोपऱ्यात लसणाची सालं. जिथे पृष्ठभाग खरखरीत तिथे शाई धरली जाते आणि काळं येतं, जिथे गोंदाचा गुळगुळीत थर तिथे शाई पुसली जाते आणि कागद पांढरा राहतो. मधले सगळे करडे पॉलिश पेपरच्या नंबरांवर ठरतात. तिच्याकडे नंबरांची एक वही आहे. गवय्याने राग बांधावा तशी ती करडे बांधते. (माझ्या वहीत मी त्यातली दोन पानं उतरवून घेतली, तिने आनंदाने दिली.)

पुठ्ठा इथे इतका का रुजला याचं उत्तर नव्वदच्या दशकात आहे. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ मोडला आणि क्यूबाला मिळणारं तेल, धान्य, यंत्रांचे सुटे भाग, सगळं आटलं. त्या वर्षांना इथे ‘विशेष काळ’ म्हणतात. तांब्याचा पत्रा कुठला, आम्ल कुठलं. आयोनने पुठ्ठा त्याआधीच, १९८० च्या दशकात, हातात घेतला होता. टंचाईत तिला दुसरं माध्यम शोधावं लागलं नाही. तिचं ‘शेवटचं भोजन’ आधी १९८८ साली रंगीत होतं. १९९१ मध्ये तिने तेच पुन्हा घडवलं, काळ्या-पांढऱ्यात, अनेक कागद जोडून, सुमारे ३ मीटर रुंद. मध्यभागी सिकान. आबाकुआ हा इथल्या पुरुषांचा गुप्त बंधुसंघ, आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांनी १८३६ मध्ये बंदरापलीकडच्या रेग्ला गावात उभा केलेला. त्यांच्या कथेत नदीवर पाण्याला गेलेल्या सिकानच्या घागरीत पवित्र मासा येतो, त्याचा आवाज ती पहिल्यांदा ऐकते, आणि ते गुपित तिला कळलं म्हणून तिचा बळी जातो. स्त्रियांना ज्या संघात जागाच नाही, त्याच्या मुळाशी असलेली स्त्री आयोनने आयुष्यभर घडवली. ओठ न काढता.

१९९३ मध्ये तिला व्हेनिसच्या बिएनालचं आमंत्रण आलं. पेट्रोल नव्हतं. ती आणि तिचे वडील चित्रं घेऊन सायकलींवर विमानतळाकडे निघाले. ही हकीकत मी न्यूयॉर्कला वाचली होती, इथे आज पुन्हा ऐकली. इतक्या मोठ्या कामाचे सुटे कागद गुंडाळून सायकलला बांधता येतात, हे फक्त मुद्राचित्राच्याच बाबतीत शक्य. कॅनव्हास असता तर तो बेटावरच राहिला असता.

१७ एप्रिल, बुधवार

सकाळी बंदरात क्रूझ जहाज लागलं. अकराच्या सुमारास बोळ अमेरिकी पर्यटकांनी भरली. गाइड दहा मिनिटांत दगडांची गोष्ट सांगतो, मग लोक पुढच्या दालनात चित्रं पाहतात आणि विकत घेतात. कायद्याने ते इथून जवळपास काही नेऊ शकत नाहीत असं मला वाटायचं. चित्रं नेऊ शकतात, आणि त्यामागे एक लढा आहे.

अमेरिकेने १९६२ मध्ये क्यूबावर पूर्ण व्यापारबंदी घातली. १९८८ साली मायामीतल्या एका क्यूबन संग्रहालयाच्या लिलावात मानुएल मेंदिवे या बेटावर राहणाऱ्या चित्रकाराचं मोराचं चित्र विकलं गेलं. घेणाऱ्याने क्यूबाच्या सरकारच्या निषेधात ते बाहेर नेऊन रस्त्यावर जाळलं. त्याच संग्रहालयावर नंतर बाँब टाकले गेले. १९८९ मध्ये कस्टम अधिकाऱ्यांनी रामोन सेर्नुदा या संग्राहकाच्या घरावर छापा घालून क्यूबन चित्रं जप्त केली. सेर्नुदा कोर्टात गेले आणि जिंकले: पुस्तकांना आणि माहितीच्या साहित्याला जी सूट आहे ती चित्रांनाही मिळायला हवी. १९९१ पासून ती नियमात आली. म्हणजे आज सकाळी एका आजींनी नातीसाठी घेतलेलं मांजराचं लिनोकट त्या खटल्यामुळे जहाजावर चढलं. युरोपात दार थोडं आधी उघडलं. १९९० मध्ये डुसेलडॉर्फला ‘कुबा ओके’ नावाचं प्रदर्शन झालं आणि जर्मन उद्योगपती पीटर लुडविग यांनी त्यातली बहुतेक कामं विकत घेतली.

दुपारी रेडिओवर बातमी आली. क्यूबावरचे निर्बंध कडक करणाऱ्या हेल्म्स-बर्टन या अमेरिकी कायद्याचं इतकी वर्षं स्थगित ठेवलेलं तिसरं प्रकरण अमेरिका २ मेपासून लागू करणार. क्रांतीनंतर जप्त झालेल्या मालमत्तांवरून आता तिथल्या कोर्टात खटले भरता येतील. आजचा दिवसही तोच, १९६१ मध्ये प्लाया हिरोनवर, म्हणजे ‘बे ऑफ पिग्ज’मध्ये, अमेरिकेच्या पाठिंब्याने हल्ला झाला त्याचा. म्हातारे मुद्रक दगड घोटत राहिले. एक तरुण मुलगा म्हणाला, आता जहाजं येतील का? (जूनमध्ये अमेरिकेने ती खरंच थांबवली.)

संध्याकाळी प्लेटा पुसून झाल्यावर कालच्या त्या मैत्रिणीने मला विचारलं, “पुण्यात माझ्या चित्राखाली काय लिहिणार?” मी म्हटलं, नाव, वर्ष, तंत्र, आणि थोडं क्यूबाबद्दल. ती हसली नाही. मागे परदेशातल्या एका प्रदर्शनात तिचं एक चित्र होतं. भिंतभर मजकूर: बंद बेट, नाकेबंदी, क्रांती, टंचाई. तिच्या प्लेटबद्दल एक ओळ नाही. “लोकांनी माझ्या देशाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलंच नाही. ते चित्र म्हणजे भिंतीला पाडलेलं भोक, असंच वाटलं त्यांना.”

मी वाद घातला. पुठ्ठा हातात आला याला टंचाईही कारण आहे, मग देश कसा लपवू? आणि ३४९ बद्दल गप्प बसणंही बरोबर नाही. तिचं म्हणणं, सांग ना, तुझ्या भाषणात सांग, लोकांशी बोल. पण चित्राखालची ती चार बोटं जागा माझ्या कामाची आहे. आम्ही सहमत झालो नाही. रात्री खोलीवर झोप लागेना.

१८ एप्रिल, गुरुवार

सकाळ परवान्यात गेली. बेटाबाहेर जाणाऱ्या कलाकृतीवर सांस्कृतिक ठेव्याच्या नोंदणी कार्यालयाचा शिक्का लागतो. अकरा चित्रांचे कागद झाले, बारावं अजून निवडलेलं नाही. ते तिचं असेल आणि त्याचं काम ती स्वतः पाहील, असं ठरलं.

दुपारी जुन्या पोस्टरांच्या मागे. इथे दोन घराणी आहेत. चित्रपटसंस्थेची पोस्टरं सिल्कस्क्रीनवर, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून, हाताने स्टेन्सिल कापून छापलेली, सगळी ५१ बाय ७६ सेंटिमीटर. मुन्योस बाक्स, आस्कुइ, रोस्तगार्द ही त्यातली मोठी नावं. ती इथल्याच रस्त्यांसाठी होती. दुसरं घराणं ओस्पाआल या संघटनेचं, १९६६ च्या आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्या त्रिखंड परिषदेनंतर सुरू झालेलं. ती पोस्टरं पहिल्यापासून परदेशासाठीच: व्हिएतनाम, अंगोला, पॅलेस्टाइन, चार भाषांत मजकूर, आणि मासिकात घडी घालून जगभर टपालाने रवाना.

फेरीवाल्याच्या टेबलावर असं एक पोस्टर मिळालं. मधोमध घड्यांचा क्रूस, रंग तिथे उडालेला. दुकानदार घडीमुळे भाव कमी करायला तयार होता. मला तर घडीच हवी होती. सरकारला जेव्हा चित्र बाहेर पाठवायचं होतं तेव्हा त्याने ते पाकिटाच्या मापाचं केलं, आणि आयोनला जेव्हा पाठवायचं होतं तेव्हा तिने ते सायकलच्या मापाचं केलं. माझी नळी पाऊण मीटरची आहे. पुण्यात काय दिसणार हे तिनेही थोडं ठरवलंच आहे.

१९ एप्रिल, गुड फ्रायडे

इथे २०१२ पासून या दिवशी सुट्टी असते. कार्यशाळा बंद. सेन्योरा पहाटे कोंबडीच्या रांगेत गेल्या त्या दहाला परतल्या, कोंबडी न मिळता. मग आम्ही दोघींनी भात आणि काळे घेवडे केले. मी फोडणीत जिरं घातलं. त्यांच्याकडे ते होतंच, त्याही घेवड्यात घालतात.

दुपारी कार्यशाळेतल्या मैत्रिणीच्या घरी गेले. पलंगाखालून तिने कागदांचा गठ्ठा ओढला आणि जमिनीवर पसरला. दोन तास आम्ही गुडघ्यांवर होतो. मी आधी बोट ठेवलं ते एका मोठ्या चित्रावर: बाल्कनी, दोरीवर कपडे, खाली पडकी भिंत. पाहणाऱ्याला लगेच हवाना वाटेल असं. मग माझं मलाच कळलं की मी पुण्याच्या प्रेक्षकाला बेट दाखवायला निघाले आहे. चित्र चांगलं होतं, पण काळा सगळीकडे सारखाच, सपाट.

त्याखाली एक लहानसं होतं. ताटलीवर ठेवलेला अर्धा कांदा, बस्स. कांद्याच्या प्रत्येक पापुद्र्याचा करडा वेगळा. बाहेरच्या सालीला कागद जवळजवळ फाटेल इतका दाब दिलेला, आतल्या कोंबाला काहीच नाही, फक्त उठाव, शाईशिवाय. मी तो कोंब बोटाने चाचपला. चाचपू नये, पण तिनेच हात पुढे केला.

“हे,” मी म्हटलं.

“यात क्यूबा कुठाय?” तिने विचारलं, आणि या वेळी हसली.

२० एप्रिल, शनिवार

निघायच्या आधी ती घरी आली. सोबत कांद्याचं चित्र, आणि त्याचा शिक्क्याचा कागद. एका ओळखीच्या बाईंनी काल सुट्टी असूनही तो करून दिला. चित्रं एकेक टिश्यूत गुंडाळून नळीत सरकवली. पोस्टर मी आणखी घडी न घालता सगळ्यांच्या बाहेरून गुंडाळलं.

विमानतळाचा रस्ता लांब आहे. जुन्या शेवर्लेच्या मागच्या सीटवर नळी मांडीवर धरून बसले होते. उन्हात, चढावर, बापलेक सायकली मारताहेत, हे डोळ्यांसमोरून हटेना. ड्रायव्हरने विचारलं, पाइपमध्ये काय? ग्राबादो, म्हणजे मुद्राचित्रं, म्हटलं. त्याने आरसा वळवून पाहिलं आणि गाडी खड्ड्यांतून हळू नेली.

कस्टमला नळी उघडली, शिक्के पाहिले, बंद केली. विमानात बसल्यावर तिने दिलेलं पाकीट उघडलं. त्यात पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी होती, पुण्यात चित्राखाली लावायची. स्पॅनिशमधून जसं लागलं तसं उतरवते:

“अर्धा कांदा. खोक्याचा पुठ्ठा, दोन प्रकारचा गोंद, पॉलिश पेपर ८०, १५० आणि ४००, कांद्याची खरी साल (बाहेरचा पापुद्रा), रेती. काळी शाई, तीत थोडी तपकिरी. कागद आदल्या रात्री ओला केला. १५ प्रतींपैकी ११ वी. १२ व्या प्रतीला साल फाटली, म्हणून यापुढच्या प्रतींत कडा वेगळी दिसेल.”